नकाशावरची राहती वस्ती

नकाशेवाल्या ताईंचं तळ्याकाठी कुणाशी तरी सूत जुळलंय, अशी कुजबुज होती. नाहीतर रोज सकाळी नटूनथटून तिकडे कोण जातं हो?

तळं बुजवून तिथे इमारती उठणार होत्या. जुन्या नकाशात त्या जागेवर ‘पडीक’ असं लिहिलेलं. बिल्डरसाठी नवा नकाशा काढताना ताईंनी ते खोडून ‘राहती वस्ती’ लिहिलं.

बिल्डर उखडला. “कोण राहतं तिथे?”

“करकोच्यांची एकवीस जोडपी. दुर्मिळ झालेत बिचारे. इमारती रस्त्याकडे सरकवून दोन मजले जास्त चढवलेत.”

“आणि तळं बुजवलंच तर?”

“तर सगळी तुमच्या गच्चीवर पाठवते. लेकुरवाळी आहेत हं!”

बिल्डरने नकाशातली घरं दोनदा मोजली. एकही कमी भरेना, तेव्हा मुकाट्याने सही ठोकली. तळं वाचलं.

ताई रोज सकाळी घरटी मोजायला जात होत्या.