आधी पाणी बंद करा

शेवटचा फोन ह्यांनी पडलेल्या छताखालून केला.

आज वर्ष झालं. मी इथे सहसा लिहीत नाही. पण हे कोणाला तोंडाने सांगता येत नाही.

आमचे हे, प्रमोद, लोखंडी शेड उभारायचे. कोणाच्याही लग्नाला गेलो की हॉलमध्ये शिरताच आधी वर बघायचे.

"अहो, नवरी समोर आहे."

"नवरी अंगावर पडत नाही," म्हणायचे आणि खांबाजवळची खुर्ची पकडायचे.

अकोल्यातल्या एका मंगल कार्यालयाचं छत ह्यांनीच हिवाळ्यात उभं केलं होतं. पत्रे आणि वारा पेलेल, एवढाच ट्रस, म्हणजे छताखालचा लोखंडी सांगाडा. ऊन तापलं तसे मालकाने मोठे कूलर थेट ट्रसवर चढवले. खाली जागा अडते म्हणून.

आपल्याकडे कूलरशिवाय लग्न होत नाही. आणि कूलरमधल्या पाण्याचं वजन कोणी धरत नाही.

ट्रस वाकला तेव्हा ह्यांना बोलावलं. हे म्हणाले, आधी टाक्या रिकाम्या करा, मग मी खालून टेकू लावतो.

टाक्या रिकाम्या केल्या. पाइपाचा कॉक मात्र कोणी बंद केला नाही. कूलर आपोआप पुन्हा भरत गेले.

अर्धं छत खाली आलं तेव्हा हे टेकू लावत होते.

मी अमरावतीत, स्वयंपाकघरात. मोबाइल चार्जरला लावलेला, काढला की बंद पडायचा. वायर आखूड. बोर्डापासून हलता येत नव्हतं.

"पाय दबला आहे. हात मोकळा आहे. घाबरू नको."

"मी निघते."

"फोन नको ठेवू. वसीम उचलून नाही राहिला. त्याले सांग, आत कोणी येऊ नका. उरलेले कूलर भरून राहिले, मले आवाज येऊन राहिला. आधी पाणी बंद करा."

वसीमभाऊ म्हणजे ह्यांचे फिटर, तिथेच हॉलबाहेर होते. शेजारच्या कुंदाताई धावत आल्या, त्यांच्या मोबाइलवरून वसीमभाऊंना लावला. या वेळी उचलला. एका कानाला हे, दुसऱ्या कानाला ते.

"वहिनी, भाऊ आत हायेत! मी कायले थांबू?"

"ते म्हणतात, आधी पाणी."

"ते जाऊ द्या. तुमी सांगा न. जाऊ का?"

मी ह्यांना विचारलं.

"त्याची लेकरं लहान आहेत. नाही म्हण."

मी नाही म्हटलं.

वसीमभाऊ कॉक शोधायला पळाले. तो मागे, डेकोरेशनच्या सामानाखाली दबलेला.

"जेवली का?" ह्यांनी विचारलं.

"हो." जेवले नव्हते.

मग फोनमध्ये नुसतं पाणी ऐकू येत होतं.

मग पाणीही थांबलं. मी हॅलो हॅलो करत राहिले. टेकू लावून सगळे आत पोचले तेव्हा उशीर झाला होता.

उरलेलं छत पडलं नाही. पाणी बंद केलं म्हणून वाचलं, की ते पडणारच नव्हतं, मला कोणी सांगू शकत नाही.

वसीमभाऊ अमरावतीला आले की घरी येतात. "वहिनी, तुमच्यामुळं मी आहो," म्हणतात. मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत जाते. त्यांना न येणं जमत नाही, मला त्यांच्याकडे बघणं जमत नाही.

भावाने लांब वायरचा चार्जर आणून दिला. तरी कोणाचाही फोन आला की मी त्या बोर्डापाशीच जाऊन उभी राहते.

अहो, तुम्ही म्हणाला होतात, फोन नको ठेवू. मी ठेवला नव्हता. तिकडूनच कट झाला.

आज ठेवते.

नमस्कार करते.