मेटिक्युलस

शहापूरच्या इंग्रजी शाळेतली नोकरी मला हवीच होती, आणि ती एका शब्दावर अडकली होती. मुख्याध्यापिकाबाईंनी मला आठवीच्या वर्गासमोर उभं केलं, फळ्यावर एक शब्द लिहिला आणि म्हणाल्या, “हा शिकवा. मुलांनी आपणहून वाक्यात वापरला, तर जूनपासून या.” शब्द होता ‘मेटिक्युलस’. म्हणजे बारीकसारीक गोष्टही नजरेतून सुटू न देता काम करणारा.

मी टोकावड्याची, मराठी शाळेतली. असले भारी शब्द कॉलेजात गेल्यावर घोकून पाठ केलेले. उदाहरणंही गाइडातलीच: सर्जन मेटिक्युलस असतो, घड्याळ दुरुस्त करणारा मेटिक्युलस असतो. मुलांनी ती पोपटासारखी म्हटली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. त्यांचं तरी काय चुकलं? सर्जन पाहिला होता कुणी! मागच्या बाकावर जाऊन बसलेल्या मुख्याध्यापिकाबाईंनी पेनाचं टोपण लावलं.

का कोण जाणे, मला आदल्या दिवशीचं शेत आठवलं. बाबा राब भाजायच्या तयारीत होते. भाताचं बी पेरायची जागा आधी भाजून घेतात: खाली शेण, त्यावर फांद्या, पाचोळा, गवत आणि वरून माती. ती माती बाबा हातानं चुरून पसरतात. मग वारा बघतात, आणि तो जिकडे वाहतो त्या टोकाला आग लावतात. म्हणजे आग वाऱ्याच्या उलट हळूहळू सरकते आणि जमीन नीट भाजते. काल वारा ठरत नव्हता, म्हणून दुपार झाली तरी बाबा काडी ओढेनात. आई करवादली, “लोकांचे राब भाजून झाले, यांची किरकिर काय संपत नाय!”

हे सगळं मी मुलांना सांगितलं, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. शेवटी म्हणाले, “माय फादर इज मेटिक्युलस.” आणि माझ्याच अंगावर काटा आला. कुठल्या परक्या मुलखातला शब्द, आणि त्यानं आमच्या बांधावर बसलेल्या बाबांना ओळखलं होतं! घरात आम्ही ज्याला किरकिर म्हणत आलो, त्याला जगात मानाचं नाव होतं.

एक मुलगी उठली. “माय आजी इज मेटिक्युलस,” ती म्हणाली. आजीनं निवडलेल्या तांदळात खडा सापडत नाही म्हणे. तिच्यामागून एकानं रिक्षा पुसणारा काका आणला, दुसऱ्यानं शिलाई उसवून परत घालणारी आत्या. हात वर होतच राहिले. एवढ्याशा शब्दात इतक्या घरांतली माणसं मावतात, हे मी थक्क होऊन बघत होते. बाईंनी हसून ‘जूनमध्ये भेटू’ म्हटलेलंही मला उशिरा कळलं.

घरी आले तेव्हा राब भाजून झाला होता. काळा, सगळीकडे सारखा. नोकरीची बातमी दिली आणि वर्गात काय झालं तेही सांगितलं. बाबा ऐकता ऐकता राखेच्या कडेनं फिरून कुठे कच्चं राहिलंय का ते बघत होते. आईनं तो शब्द माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला. तिला काही तो जमेना.

“ऱ्हाऊ दे गो,” ती शेवटी हळूच म्हणाली. “पन असा शब्द हाय, हे मला आधी नाय का सांगायचंस?”