उतरलेली शिरोरेषा

आमच्या घरात भुताला जागा नव्हती. बाबा साफ सांगायचे, "मेला माणूस परत येत न्हाई. आलाच तर माझ्याकडं धाडा, बोर्ड रंगवायला माणूस कमी पडायलाय." बाबा पेंटर होते. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा चाकूरकडच्या कितीतरी शाळांवरचं 'जिल्हा उस्मानाबाद' त्यांनी पांढऱ्या रंगाखाली गाडलं आणि वर 'जिल्हा लातूर' लिहिलं. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण ही कथा इतक्यांदा ऐकली की तो रंग मीच कालवला असं वाटतं. खडूची दोरी न मारता त्यांची शिरोरेषा सरळ यायची आणि त्याचा त्यांना माज होता. होता म्हणजे होता. मेलेल्या माणसाचं उगाच गोड कशाला बोलायचं.

मग त्यांची उजवी बाजू लकव्यानं गेली. डाव्या हातानं उजवा हात धरून लिहायला बसायचे. अक्षरांचे काने उभे यायचे, शिरोरेषा मात्र उजवीकडं उतरत जायची. उतरली की जिभेनं 'च्यक्' करायचे आणि ब्रश भिंतीवर फेकायचे. घरी बसलेला पेंटर म्हणजे घरात बांधलेला वाघ. माय त्यांना भरवायची आणि शिव्या खायची. थंडीत ते गेले. त्यानंतर मायनं भाकरीकडं बघणं सोडलं. पुढ्यात ताट ठेवावं, दोन घास चिवडावेत आणि हात धुवावा. दिवसेंदिवस ती वाळत चालली होती. बाबांच्या मागोमाग तीही जाईल या धास्तीनं मला काही सुचायचं नाही.

त्या उन्हाळ्यात लातुरात नळ म्हणजे नुसती शोभा होती. पाणी रेल्वेनं यायला लागलं होतं आणि गल्ली दिवसभर टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसायची. फ्लेक्सच्या बोर्डांनी पेंटरचा धंदा कधीच बसवला होता. मी आयटीआय केलेली, म्हणून कॉम्प्युटरच्या हुकमावर लाकडात अक्षरं कोरणारं सीएनसी मशीन घरीच बनवायला घेतलं. गल्लीतल्या एका काकांनी विचारलं, "पोरगी सुतार झाली का काय?" मी म्हटलं, "हाव, तुमच्या तिरडीचे बांबू बी कापून देते."

मशीन साधंच होतं. खाली टेबल, त्यावर आडवा पूल, पुलावर कोरणारी मोटर. पुलाच्या डाव्या-उजव्या बाजूला एकेक लांब स्क्रू. स्क्रू फिरले की पूल पुढंमागं सरकायचा. दोन्ही स्क्रू बरोबरीनं फिरायला पाहिजेत, नाहीतर पूल तिरका होतो. म्हणून फिरवणारी मोटर एकच, मधोमध ठेवली आणि तिच्यापासून दोन्ही स्क्रूंच्या चाकांवर एकेक टायमिंग बेल्ट टाकला, म्हणजे आतून दात असलेला पट्टा. डावा पट्टा नवा आणला. उजवा मोडीतल्या झेरॉक्स मशीनचा होता, दात झिजलेले. म्हटलं, चालतंय की. आमच्या मुलखात अर्ध्या गोष्टी 'चालतंय की'वर उभ्या असतात, आणि उरलेल्या त्यामुळंच पडलेल्या.

पहिलं काम विहाराचं होतं. चाकूरजवळच्या एका गावात नवा विहार बांधला होता, आणि त्याचा बोर्ड बाबा करणार होते. आजारी पडायच्या आधी तसा शब्द देऊन बसले होते. मी फळी लावली आणि 'बुद्ध विहार' कोरायला घेतलं. मशीन चाललं, पण मधूनच उजवीकडून 'च्यक्' आवाज यायचा. माझ्या अंगावर काटा आला. आवाज पट्ट्याचा होता, दात निसटायचा तेव्हा यायचा, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी काटा आला तो आलाच.

फळी उतरवली. काने उभे, पण शिरोरेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चांगली बोटभर उतरलेली. माय चुलीपासून उठून आली. फळीवरून हात फिरवत म्हणाली, "हे त्यांचं अक्षर हाय."

"माय, उजवा पट्टा दात सोडायलाय. डावा स्क्रू पुढं जायलाय, उजवा मागं ऱ्हायलाय. म्हणून रेघ उतरली."

"मग त्यांचं बी तसंच व्हतं की. उजवंच मागं ऱ्हायलं व्हतं."

त्या दिवशी तिनं अख्खी भाकरी खाल्ली.

मग रोज दुपारी ती मशीनजवळ येऊन बसायला लागली. येताना भरलेला तांब्या आणायची आणि मशीनशेजारी ठेवायची. प्यायच्या पाण्याची ही बोंब, आणि हिचा एक तांब्या मेलेल्या माणसासाठी. डोक्यात तिडीक जायची. एकदा म्हटलं, "बाबा असते तर तुला हाकललं असतं. जन्मभर विहारात जाऊन हेच शिकलीस का?" ती शांतपणे म्हणाली, "मी कुठं भूत म्हणायले? अक्षर म्हणायले." संध्याकाळी त्याच पाण्यानं भांडी विसळायची. एक थेंब वाया घालवला नाही, पण दुपारभर कुणाला हातही लावू दिला नाही.

खरं सांगायचं तर पट्टा बदलायला माझाही हात होत नव्हता. जुन्या फळ्या लावून मी उगाच काहीबाही कोरत बसायचे. ती खायला लागली होती, हे एक. दुसरं असं की 'च्यक्' आवाज आला की मी मान वर करायचे. ब्रश भिंतीवर आदळायची वाट बघायचे. भरदुपारी, ढळढळीत उन्हात. लाज वाटायची, तरी वाट बघायचे.

बुद्ध पौर्णिमा जवळ आली तसे विहाराचं काम बघणारे एक काका गावाहून घरी आले. बोर्ड उचलून उजेडात धरला. मग म्हणाले, "पोरी, तुझ्या बापाचा हात सरळ व्हता म्हणून त्याला सांगितलं व्हतं. हे असलं दारावर कसं लावावं? तुला जमत नसल तर तसं सांग. आम्ही फ्लेक्स लावतो." फ्लेक्स. बाबांनी शब्द दिलेल्या दारावर फ्लेक्स. मला रागही आला आणि रडूही आलं. त्यांना म्हटलं, "चार दिस द्या."

दुसऱ्या दिवशी नांदेडला जाऊन नवा पट्टा आणला. तो ढिला पडू नये म्हणून पाठीवरून दाबणारं एक बेअरिंगही बसवलं. माय उंबऱ्यात बसून बघत होती. "काय करायलीस?" म्हणाली. "दुरुस्त करायले," एवढंच म्हणाले. बाबांना तिच्यापासून दुसऱ्यांदा तोडायलेय, आणि या खेपेला पाना माझ्या हातात आहे, असं वाटत होतं. उद्यापासून ताट पुन्हा तसंच परत येणार हे मी धरूनच चालले होते.

नवी फळी लावून मशीन सुरू केलं. पूल सरळ गेला, सरळ आला. आवाज फक्त लाकडाचा. फळी उतरवून मी तिच्यापुढं धरली आणि मान खाली घातली.

तिनं शिरोरेषेवरून बोट नेलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकदा, पुन्हा एकदा. मग इतकी मोकळी हसली की मी बघतच राहिले.

"ते बरे झाले गं," ती म्हणाली. "आजाराच्या आदी असंच व्हतं."

मग तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "आता नको धरून ठेवू त्यांना. बऱ्या माणसाला घरात कशाला डांबायचं? जाऊ दे."

आणि ती उठून भाकरी थापायला गेली. त्या दिवशी जेवली, दुसऱ्या दिवशीही जेवली. मशीनजवळ मात्र पुन्हा कधी बसली नाही. बोलावलं तर म्हणायची, "तिथं कोण हाय आता?"

बोर्ड पौर्णिमेला दारावर लागला. त्यानंतर मी पुष्कळ बोर्ड केले. अजूनही फळी उतरवली की अक्षरं नंतर बघते, आधी शिरोरेषेचं उजवं टोक बघते. ते सरळच असतं.