मोठी बॅटरी

इन्व्हर्टरवाल्याने जुन्या बॅटरीची बुचं उघडली आणि अ‍ॅसिडचा आंबूस वास डोंबिवलीच्या या घरात पसरला. ह्यांना जाऊन थोडेच दिवस झाले आहेत. रडू येत नाही. वास मात्र येतो.

पन्नासच्या दशकात मी कल्याणला डॉक्टरकी करत होते, हे शाळेत शिकवत. खेड्यांतल्या बाळंतपणांना वेळेवर पोचावं म्हणून आम्ही जुनी मोटार घेतली होती. बॅटरी अगदीच गेलेली. हे सकाळी हँडल मारून ती सुरू करून देत. माझ्याच्याने ते हँडल हलतसुद्धा नसे. शेवटी नवी बॅटरी बसवायला आम्ही ठाण्याला, कोपरीतल्या एका मिस्त्रींकडे गेलो.

"लहान घ्या, मास्तर. अडली तर हँडल आहेच की."

"हँडल मी मारतो. मी नसलो म्हणजे?"

"अहो, तुम्ही कुठे निघालात?" मी हसले.

"शाळेत! तुझी बाळंतीण काय शाळा सुटेपर्यंत थांबणार आहे?"

मोठी बॅटरी मावेना, म्हणून मिस्त्रींनी ती बसवायची चौकट वाढवून दिली. दुसऱ्या दिवशी मी नुसतं बटण दाबलं आणि इंजिन सुरू झालं. हे समोर हँडल घेऊन उभेच होते. क्षणभर त्याच्याकडे बघितलं, मग ते त्यांनी डिकीत ठेवून दिलं. तेव्हा मला फक्त वेळेवर निघाल्याचा आनंद झाला होता.

"आजी, लहान बसवू की मोठी? घरात माणसं किती?" इन्व्हर्टरवाल्याने विचारलं.

"एकच," मी म्हटलं. "पण मोठीच बसव."