कंपनीच्या बसमध्ये उभा राहिलेला माणूस

बातमी आली तेव्हा मी अहेरीच्या बाजारात होते. मुलगी तिथल्या एका ऑफिसात नोकरीला आहे, तिच्याकडे थोडे दिवस राहायला गेले होते. पिशवीत वांगी टाकत होते आणि फोन वाजला. पलीकडून शकुबाईचा आवाज, अगदी रोजच्यासारखा. "सिस्टर, तुमचा भांडणारा गेला." मला पटकन कळलंच नाही. मग ती म्हणाली, "सकाळी चहा ठेवला, उठवाले गेली, त उठलेच नाई." भाजीवाली "अजून काय देऊ बाई" असं विचारत राहिली आणि मी एकेक वांगं परत तिच्या टोपलीत ठेवत राहिले.

ताराचंदभाऊ म्हणजे शकुबाईचा नवरा आणि माझा शेजारी. गोंडपिपरीहून बल्लारपूरला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. तिथे मी उपकेंद्राची नर्स म्हणून आले आणि निवृत्त झाल्यावरही तिथेच राहिले, त्याचं निम्मं कारण हे शेजारचं घर. ताराचंदभाऊ बल्लारपूरजवळच्या एका कारखान्यात वेल्डर होते. कोळसा वाहणाऱ्या टिपरच्या बॉड्या तिथे बांधतात. कामगारांच्या युनियनचे ते बरीच वर्षं सचिव. बोलणं हळू, पण हट्ट असा की शकुबाई म्हणायची, या माणसाला वेल्डिंग करून जमिनीला चिकटवलाय.

आमची ओळख भांडणानंच झाली. लसीकरणाच्या दिवशी मला सकाळीच पुढच्या गावच्या आरोग्य केंद्रातून लसींचा डबा आणावा लागे. एसटीचा भरवसा नाही. मी रस्त्यावर ताटकळत उभी आणि समोरून कंपनीची बस यायची, ताराचंदभाऊंसाठी थांबायची, ते चढायचे आणि बस निघायची. आत निम्म्या सीट रिकाम्या. एकदा मी डोक्यात राख घालून खिडकीवर थाप मारली आणि म्हणाले, "एवढ्या सीटा काय वाऱ्याला बसायला ठेवल्यात का?" ताराचंदभाऊ खिडकीतून शांतपणे म्हणाले, "बाई, ही कामगारांची गाडी आहे. संप करून घेतली आहे." संध्याकाळी मात्र स्वतःच आमच्या दारात आले आणि रागावू नका म्हणाले. तेव्हापासून त्यांच्या अंगणात आमच्या वादाच्या बैठकी सुरू झाल्या.

पुढे कारखान्याचे दिवस फिरले. खाणींकडून मागणी घटली, तयार बॉड्या आवारात गंजत पडल्या, पगार मागेपुढे व्हायला लागला. मग सरकारी मदतीची चर्चा आली. विजेच्या बिलात सूट, बँकेच्या कर्जाला सरकारची हमी, आणि बदल्यात कामगारांनी आपल्या सवलती कमी कराव्यात, असा तो मामला. पगारवाढ थांबवायची, कँटीन आखडायचं, बस बंद करायची. त्या उन्हाळ्यात अंगणात दुसरा विषयच नव्हता.

मी या मदतीच्या विरुद्ध होते. आजही आहे. मी म्हणायचे, "माझ्या पगारातून टॅक्स कापून जातो, तो तुमच्या मालकाला कशाला? धंदा त्याचा, नफा त्याचा, आणि तोटा झाला की माझा?" ते म्हणायचे, "मालक कुठी मरते सिस्टर? तो नागपुरात दुसरा धंदा टाकीन. मरन आमचं आहे. गेटवरचा चहावाला, पंक्चरवाला, सारे आमच्यावर जगून राह्यले. कारखाना गेला त हे लोक कुठी जातीन?" मी म्हणायचे, मग चहावाल्यालाच द्या. ते हसायचे. शकुबाई आतून ओरडायची, "सरकार तुमाले इचारून राह्यलं का? जेवा आता."

एका संध्याकाळी मात्र मी बोलून गेले, "सरकारी पैशानं रस्ता झाला तर त्यावर सगळे चालतात, भाऊ. तुमच्या कारखान्यात सरकारी पैसा जाणार आणि बस तुमची, कँटीन तुमचं, दवाखाना तुमचा. आम्ही रस्त्यावर उन्हात. मग आमचं काय?" ताराचंदभाऊ खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत होते. म्हणाले, "हे बराबर बोलल्या तुमी." आणि उठून जेवायला गेले. वाद जिंकला म्हणून मी खूश. त्यांच्या डोक्यात काय शिजतंय याची मला कल्पना नव्हती.

कारखान्याच्या गेटवर युनियनची सभा झाली. हे मला नंतर त्यांच्याच तोंडून कळलं. ताराचंदभाऊंनी ठराव मांडला की पगारवाढ काही काळ थांबली तरी चालेल, पण बस सोडायची नाही, आणि सरकारचा पैसा घेणार असू तर त्या बसमध्ये वाटेवरच्या गावांचा कोणीही माणूस बसेल. एकच गलका झाला. त्यांच्याच खात्यातला मोरेश्वर, वयानं लहान पण बोलण्यात तिखट, उभा राहिला. "आपल्या लोकांनी मार खाऊन घेतलेली बस आहे ही. आठ घंटे तापलेल्या लोखंडापाशी काम करून माणूस बसून घरी जाते, तेही तुमाले पाह्यवत नाई का? आज गाडी दिली, उद्या म्हणान कँटीनमंदी गावजेवण घाला." मोरेश्वरचं म्हणणं चुकीचं नव्हतं. हे ताराचंदभाऊंनाही मान्य होतं. ते एवढंच म्हणाले, "हक्क आपला आहे. पैसा साऱ्याइचा आहे. दोन्ही खरं आहे, त जागा वाटून घ्या लागीन." ठराव थोडक्यात पास झाला. मालकालाही सरकारपुढे मिरवायला काहीतरी हवंच होतं, त्यानं मान डोलावली.

बस गच्च भरायला लागली. भाजीच्या टोपल्या, कॉलेजच्या मुली, दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं, आणि मांडीवर लसींचा डबा घेऊन मी. पाळी सुटल्यावर थकलेल्या कामगारांना कधीकधी उभं राहावं लागे आणि ते ताराचंदभाऊंच्या नावानं बोटं मोडत. ताराचंदभाऊ पहिल्या दिवसापासून बसलेच नाहीत. सीट रिकामी असली तरी मागच्या दाराजवळच्या लोखंडी दांड्याला धरून उभे. म्हणाले, "ठराव माझा, त पयली सीट माझी जाईन." मी चढले की वाकून म्हणायचे, "बसा सिस्टर, टॅक्स तुमचाच आहे." माझं उत्तर ठरलेलं, "मग सीट तरी नीट शिवून घ्या." युनियनची पुढची निवडणूक आली तेव्हा लोकांनी त्यांना पाडलं आणि मोरेश्वरला सचिव केलं. गावांसाठी उघडलेली बस बंद करीन, हेच त्याचं मुख्य आश्वासन होतं. एवढी वर्षं युनियनसाठी राबलेला माणूस, पण हरल्यावर त्यांना हारतुरा सोडाच, गेटवर कोणी चहा विचारला नाही. मला फार वाईट वाटलं होतं. शकुबाई मला म्हणाली, "तुमीच याच्या डोक्यात घातलं." मी म्हणाले, मी वाद घातला, ठराव त्यांनी मांडला. ताराचंदभाऊ मध्येच म्हणाले, "बराबर आहे. भांडन सिस्टरचं, अक्कल माझी."

मे महिन्यात आमच्याकडचं ऊन कसं असतं ते सांगायला नको. बस दिवसभर कारखान्याच्या आवारात तापायची आणि पाळी सुटली की तो दांडा धरवत नसे. ताराचंदभाऊंनी आपल्या दुपट्ट्याचा अर्धा पट्टा फाडला आणि दांड्याला गुंडाळून गाठ मारली. कळकट झाला की शकुबाई तो धुऊन द्यायची. हरलेला माणूस आपली उभं राहायची जागा एवढ्या निगुतीनं सजवतो, हे पाहून लोक हसायचे.

मोरेश्वरनं बस बंद केली नाही. कोणी विचारलं की तो म्हणायचा, "पुढच्या मीटिंगमंदी पाहू." ती मीटिंग काही आली नाही. कारण उघड होतं. सरकारी मदत घेऊन कारखाना तगला, पण नवीन भरती सगळी ठेकेदाराकडून सुरू झाली. ठेक्यावरच्या पोरांना ना बस, ना कँटीन, ना युनियन. कामगार म्हणून त्यांना गाडीत जागा नव्हती, वाटेवरच्या गावचा माणूस म्हणून मात्र होती. मोरेश्वरचा स्वतःचा मुलगा ठेक्यावर लागला आणि त्याच बसमध्ये बसून यायला लागला. ताराचंदभाऊंनी याबद्दल मोरेश्वरला एका शब्दानंही टोचलं नाही. मी टोचलं असतं. मी त्यांना तसं म्हटलंही, तर म्हणाले, "पोरगं बसून येऊन राह्यलं न? झालं मंग."

पण या ठेक्याच्या भरतीवर मी त्यांना बरंच पिडलं. म्हटलं, बघा, पैसा सरकारचा, मालक वाचला, आणि पोरांच्या हाती काय? ते म्हणायचे, "कारखाना हाय म्हणून त भांडता येते." आमचं एकमत शेवटपर्यंत झालं नाही. निवृत्त झाल्यावरही ते बल्लारपूरला बसनंच जायचे, आता मीही गावकरी झालो म्हणायचे, आणि त्याच दांड्याजवळ उभे राहायचे.

मी अहेरीहून परत आले. ताराचंदभाऊंच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. अंगणात दोन खुर्च्या होत्या, त्यातली एक शकुबाईनं आत नेली आणि पुन्हा बाहेर आणून ठेवली. मला पेन्शनच्या कामासाठी बल्लारपूरला जायचं होतं म्हणून मी रस्त्यावर आले. कंपनीची बस आली. आत सगळ्या सीट भरलेल्या. नजर आपोआप मागच्या दाराकडे गेली. दांड्यावर नवाकोरा, लाल काठाचा दुपट्टा गुंडाळलेला होता, नीट गाठ मारून. पुढच्या सीटवरून मोरेश्वर उठला. त्याचेही आता केस पांढरे झालेत. तो मागे आला, त्या दांड्याला धरून उभा राहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बसा सिस्टर. टॅक्स तुमचाच आहे."

मी बसले. सीट अजून तशीच फाटकी. "मग सीट तरी नीट शिवून घ्या," मी म्हणाले, आणि अहेरीपासून अडवून धरलेलं रडू मला तिथे, भरल्या बसमध्ये आलं.