त्याच्या वाट्याचा वास

त्या जानेवारीत माझ्या नवऱ्याला सर्दीतापाने आठवडाभर आडवं केलं. ताप उतरला, खोकला गेला, तो ऑफिसलाही जायला लागला. मग एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी सकाळी मी गॅसवर दूध ठेवून गच्चीत कपडे वाळत घालायला गेले आणि शेजारणीशी बोलत तिथेच रमले. मस्कतजवळच्या अल हैलला आम्ही राहायचो; तिथे समुद्राचा वारा असतो, त्या दिवसांत गच्चीवरून खाली यावंसं वाटत नाही. खाली आले तर घरभर करपट वास. दूध उतू जाऊन, आटून पातेलं काळं झालं होतं, आणि हा ओट्यापासून चार हातांवर, टेबलाशी बसून पेपर वाचत होता.

“अरे, वास नाही आला तुला?”

त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग पातेल्याकडे. “कसला?” म्हणाला.

मी गॅस बंद केला. तो उठला, फडताळातून हिंगाची डबी काढली आणि नाकाशी धरली. मग कॉफी. मग लसूण ठेचून. शेवटी बाथरूममधल्या फिनेलची बाटली उघडून बघितली. तीही बंद करून जागेवर ठेवली आणि म्हणाला, “काहीच नाही.”

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर गैरसोय म्हणून सोडून दिलं असतं. पण आमचं घर त्याच्या नाकावर चालायचं. मत्रहच्या बाजारात एक कच्छी म्हातारा मसाल्याचं दुकान चालवायचा. वेलदोड्यांचं पोतं उघडताना तो गंमतीने ह्याच्याकडे बघायचा, आणि हा लांबूनच सांगायचा, “चाचा, ये पिछले साल का है.” शुक्रवारचा स्वयंपाक त्याचा असायचा. आमटी चाखायचा नाही, झाकण काढून नुसता वास घ्यायचा आणि मीठ टाकायचा.

त्यात मार्चमधली इटलीतल्या बोलोन्याची तिकिटं आधीच काढलेली होती. त्याच्या ऑफिसात एक इटालियन इंजिनियर होता. रोज दुपारी आमच्या डब्यातली भाजी चाखायचा आणि बदल्यात आपल्या गावाच्या खाण्याचं वर्णन करायचा. दोन वर्षं ते ऐकून ह्याने ठरवलं होतं की एकदा वीकेंडला जोडून रजा काढायची आणि तिथे जाऊन फक्त खायचं. मिलानपर्यंत विमान, पुढे रेल्वे. संग्रहालयं नाहीत, चर्च नाहीत.

नाकाच्या डॉक्टरीणबाई ओमानी होत्या, तरुण, शांत बोलणाऱ्या. तपासून म्हणाल्या, “नस दुखावली आहे. जिभेला खारट, गोड, आंबट, कडू कळेल. बाकीची चव नाकाची असते. ती येईल, इन्शाल्ला.”

“इन्शाल्ला म्हणजे किती महिन्यांनी?” ह्याने विचारलं.

त्या हसल्या आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली.

गाडीत मी म्हटलं, “बोलोन्याला नंतर जाऊ.”

“नंतर म्हणजे? नाक आल्यावर? आणि नाही आलं तर?” सिग्नल सुटला तरी त्याने गाडी हलवली नाही. मागच्याने हॉर्न दिल्यावर गाडी काढत म्हणाला, “जाऊ या. तू खा. मी बघेन.”

हे बोलणं सोपं होतं. मी मासे आणि चिकन खाते, त्यापुढे जात नाही. तो घराबाहेर सगळं खातो. बोलोन्याचं खाणं मुख्यतः गाईचं आणि डुकराचं मांस. बेत ठरवताना तोच म्हणाला होता, तू चीज आणि पास्ता खा, बाकीचं माझ्यावर सोड. आता ते बाकीचं कुणावर सोडायचं, हा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

बोलोन्यात सगळे रस्ते कमानींच्या सावलीतून जातात. आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळ होत होती, भुरभुर पाऊस होता, आणि छत्री न उघडता हॉटेलपासून खानावळीपर्यंत चालत जाता आलं. मी भोपळ्याचं सारण भरलेला पास्ता मागवला आणि पहिल्या घासापासून बोलायला लागले. किती छान आहे, लोणी किती ताजं आहे, काय सुंदर सुवास आहे. त्याने गप्प राहू नये म्हणून मी बोलत होते. त्याने त्याच्या पानातले दोन घास खाल्ले, काटा खाली ठेवला.

“मला कॉमेंट्री नको,” तो हळू आवाजात म्हणाला. “आजाऱ्याला वाचून दाखवतात तशी.”

“मग मी काय गप्प बसून खाऊ?”

“खा.”

मी खाल्लं. परत जाताना कमानींखालून आम्ही एकमेकांपासून जरा अंतर ठेवून चाललो. बायका दुकानं बंद करत होत्या, कुठूनतरी ताज्या पावाचा वास येत होता, आणि तो मी माझ्यापाशीच ठेवला.

सकाळी आम्ही जुन्या बाजाराच्या गल्ल्यांत गेलो. चीजच्या दुकानात जात्याच्या तळीएवढी चाकं एकावर एक रचलेली. दुकानदाराने एक चाक नुकतंच फोडलं होतं. त्याने आम्हाला एकेक तुकडा दिला. ह्याने तो दाताखाली धरला आणि थांबला.

“कचकच लागतं,” म्हणाला. “साखरेच्या दाण्यासारखं. पण खारट.” मग माझ्याकडे न बघता, “वास कसा आहे?”

“छान आहे.”

“छान म्हणजे काय? छानवरून मला काही कळत नाही. नीट सांग.”

मी परत हुंगलं. काल रात्री मी जे शब्द वापरले होते ते सगळे कौतुकाचे होते, एकही वासाचा नव्हता. मी डोळे मिटले. “लोणी कढवल्यावर खाली बेरी राहते ना, तिचा वास,” मी म्हटलं. “आणि त्याच्या मागे अननस. खरंच अननस.”

“पिकलेला की कच्चा?”

“पिकून उतरायला लागलेला.”

त्याने उरलेला तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला. दुकानदार आमच्याकडे बघत होता, ही दोघं चीज विकत घेणार की नाही ते त्याला कळत नव्हतं. आम्ही मोठा तुकडा घेतला.

शेजारच्या दुकानात पिंपात वर्षानुवर्षं मुरवलेला द्राक्षाचा व्हिनेगर होता. चमच्यावर एकच थेंब मिळाला. काकवीसारखा दाट. ह्याने तो चाटला आणि भुवया उंचावल्या. “आंबट. थांब, गोड पण आहे.” इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा त्याच्या तोंडात एकाहून जास्त काही एकदम घडत होतं. त्याने दुसरा थेंब मागितला. मी त्याला सांगितलं की हा वास म्हणजे जुन्या लाकडी कपाटात मनुका ठेवून विसरल्यासारखा आहे. तो म्हणाला, “हे जमलं.”

दुपारी पास्ता लाटायला शिकवणाऱ्या एका बाईंच्या घरी जायचं होतं. बाई सत्तरीच्या, इंग्रजी बेताचं, हात मात्र सतत बोलत. मैदा आणि अंडी मळायची, मग लांब लाटण्याने टेबलभर पोळी लाटायची. ह्याला पोळ्या लाटता येतात, त्यामुळे त्याचं बरं चाललं होतं. बाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मग कणकेचा गोळा उचलून त्याच्या नाकाशी धरला आणि खुणेने म्हणाल्या, घे, वास घे.

मी काहीतरी बोलणार होते. त्याने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाला, “व्हेरी गुड.” बाई खूश झाल्या. आपली ताजी अंडी कुठून येतात ते त्या बराच वेळ सांगत राहिल्या आणि तो मान डोलवत राहिला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “सांगितलं का नाहीस?”

“कशाला? त्यांचा चेहरा बघितलास ना?” मग काही पावलांनी, “कसा होता?”

“कच्च्या अंड्याचा हिवस वास होता. एवढं काही नाही.”

“मग मी काही फार गमावलं नाही,” तो म्हणाला, आणि दोघंही हसलो.

रात्रीच्या जेवणाला त्याने मांसाचा रस्सा घातलेला तो लांब पट्ट्यांचा पास्ता मागवला, ज्यासाठी मुळात आम्ही आलो होतो. त्याने एक घास घेतला. “मीठ आहे,” म्हणाला. “मऊ आहे. बस.” आणि काट्याने पट्ट्या उलटसुलट करत बसला. वास कसा आहे ते मला त्याने विचारलंही नाही. मी ते खात नाही हे त्याने कधीच वादाचं केलं नव्हतं.

मी त्याचं पान माझ्याकडे ओढलं आणि वाकून वास घेतला. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने खाणं थांबवून पाहिलं.

“कांदा आणि गाजर, अगदी मंद आचेवर परतलेलं,” मी म्हटलं. “लोणी. टोमॅटो आहे, पण मागे. दूध घातलंय बहुतेक. मांसाचं मला सांगता येणार नाही, माझ्या ओळखीचं नाही.”

“तुला जसं येतं तसं सांग.”

“आधी गंजलेल्या लोखंडासारखं. मग गोडसर. मला जरा मळमळतंय.”

“हेही बरं सांगितलंस,” तो म्हणाला. पान परत घेतलं आणि हळूहळू संपवलं. मध्येच थांबून विचारायचा, लोखंड आधी की कांदा आधी, आणि मी पुन्हा वाकायचे. असं लक्ष देऊन आम्ही दोघांनी एका पानाकडे कधी बघितलं नव्हतं. मी तर त्यातला एक घासही खाल्ला नाही.

मस्कतला परतलो, उन्हाळा सुरू झाला. मे महिन्यात एका सकाळी आम्ही अल हैलच्या किनाऱ्यावर चालत होतो. कोळ्यांनी तारली मासळी वाळत घातली होती आणि मी ओढणी नाकाला लावून भरभर पुढे निघाले होते. मागे वळून पाहिलं तर हा उभा.

“चल ना.”

“थांब जरा,” तो म्हणाला. “काहीतरी कुजलंय.”

तो तिथे ऊन चढेपर्यंत उभा राहिला. मीही राहिले.

त्यानंतर सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. काही महिने त्याला कॉफीला जळक्या टायरचा वास यायचा आणि फोडणी घातली की तो घराबाहेर जाऊन बसायचा. आम्ही दहीभात आणि उकडलेल्या भाज्यांवर राहिलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नस परत जुळताना असे घोळ होतात. ते हळूहळू कमी झाले. हिंग परत आला, लसूण आला, पुढच्या वर्षी कॉफी कॉफीसारखी झाली. पुढे आम्ही ओमान सोडून पुण्याला आलो. केशराचा वास त्याला अजून येत नाही, आणि आंबेमोहराचाही नाही. तो तांदूळ आम्ही घेतो, कारण मला आवडतो, आणि तो म्हणतो, भात मऊ होतो, तेवढं पुरे.