म्हातारीचं गोंदण

कॅमेरा मोठा असला की फोटो चांगला निघतो का, यावर आमच्या घरात बापलेकांची पुष्कळ भांडणं झाली. जव्हारच्या बाजारात आमचा फोटोचा स्टुडिओ. नवऱ्याकडे रोलचा जुना, वजनदार कॅमेरा. मुलाने मुठीत मावेल असा डिजिटल आणला आणि पहिल्याच दिवशी म्हणाला, "बाबा, आता तुमचा डबा माळ्यावर टाका."

हाताएवढे फोटो धुऊन आले की मी दोघांचे एकत्र मिसळून टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, "ओळखा आपापले." दोघेही चुकायचे. म्हणजे त्या मापात फरक नव्हता.

मग दाभोसा गावच्या एका लग्नात धवलेरी भेटली. धवलेरी म्हणजे वारल्यांचं लग्न लावणारी, रात्रभर गाणी म्हणणारी बाई. तिने उभ्या जन्मात कितीतरी लग्नं लावली, पण फोटोत ती कधी नाही. फोटो नवरानवरीचे. मुलाने त्या लग्नात तिचा एक काढला. घरात अंधार, एक मिणमिणता दिवा. फ्लॅश मारला की ती डोळे मिटायची, म्हणून त्याने तो बंदच ठेवला.

लहान फोटो बघून ती खूश झाली. जीपने जव्हारला आली आणि माझ्यासमोर बसली.

"बाय, याचा मोठा करून दे. भिंतीवर लावायचा."

मी म्हटलं, "भिंतीवर तर मेलेल्यांचे लावतात."

"मेल्यावर माना कठं दिसंल? जित्ती हाय तवर मीच बघीन."

बोलणं मला पटलं. नाशिकहून मोठा फोटो करून आणला. तिने तो मांडीवर घेतला, कपाळावर बोट फिरवलं आणि तिचा चेहरा उतरला.

"ही मी नाय. माझा गोंदण कठं?"

बघितलं तर खरंच. कपाळावरचे, हनुवटीवरचे ठिपके गायब. गाल पिठाने सारवल्यासारखे. या बायका गोंदणाला फार मानतात. मेल्यावर अंगावरचं सगळं उतरवतात, गोंदण तेवढं बरोबर जातं. ते नसेल तर वर आपल्याला कोण ओळखणार, हा तिचा सरळ प्रश्न होता. 

मुलाला वाटलं, नाशिकवाल्यांनी नवरीच्या तोंडावरचे मुरूम पुसतात तसे ठिपके पुसले. भांडायलाच गेला. तिथल्या माणसाने त्याला मशीनवर मूळ फोटो मोठा करून दाखवला. ठिपके त्यातही नव्हते. कॅमेऱ्याच्या आत एक तुकडा असतो, त्यावर उजेड पडून फोटो उठतो. मुलाच्या कॅमेऱ्यात तो करंगळीच्या नखापेक्षा लहान. उजेड कमी पडला की फोटोत बारीक ठिपक्यांची खरखर येते, ती कॅमेरा आपल्या अकलेने साफ करतो.

मुलगा हे सांगत होता तेव्हा मी तांदूळ निवडत होते. मला लगेच कळलं. दिव्याच्या उजेडात निवडायला बसलं की खड्याबरोबर चांगले दाणेही जातात. कॅमेऱ्याने गोंदणाला खडा समजून फेकलं.

नवऱ्याला आनंद झाला. "बघ! आमच्या रोलची पट्टी केवढी असते!"

मी म्हटलं, "नाचू नका. तिला बोलवा आणि भर उजेडात दोघेही काढा."

दुकानाच्या पायरीवर बसवलं तिला. नवऱ्याने आधी काढला. "हलू नको. तोंड मीट. श्वास धर." तिने धरला. मग मुलगा पुढे झाला आणि म्हणाला, "आजी, लग्नातलं काहीतरी म्हणा." ती म्हणायला लागली. समोरचे दुकानदार बाहेर आले.

दोन्ही मोठे होऊन आले. दोन्हीत गोंदण होतं, एकेक ठिपका मोजून घ्यावा असं. नवऱ्याच्या फोटोत तर सुरकुत्याही जास्त साफ होत्या, पण ते नाक लावून बघितलं तर. भिंतीवरच्या फोटोला नाक कोण लावतं?

म्हातारीने दोन्ही मांडीवर घेतले. बापलेक दोघेही तिच्या तोंडाकडे बघत उभे. तिने दोन्हींचं कपाळ चाचपलं. "हाय," म्हणाली. मग मुलाचा उचलला.

नवरा म्हणाला, "अगं, माझा नीट बघ तरी. जास्त साफ आहे."

"त्यात मी गप हाय. मी कवा गप बसलंय?"

मुलगा हसला. नवराही हसला, जरा उशिरा.

फोटो लुगड्याच्या पदरात गुंडाळून ती जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली आणि मागे बसायला सांगणाऱ्या ड्रायव्हरला म्हणाली, "मोडंल तर तुझा बाप भरून देल?"

दुसरा फोटो आम्ही दुकानात लावला. बाजाराला आली की ती दारात थांबायची, त्याच्याकडे बघायची आणि नवऱ्याला म्हणायची, "अजून माझा तोंड उघडला नाय काय रं तुना?"